प्लॉटची वाटणी झाली, रात्रींची राहिली

अहो वहिनी, ऐकलंत का? तुम्ही लेकीकडे पुण्याला काय गेलात, अन् इकडे आपल्या ले-आउटमध्ये काय काय होऊन गेलं! आता ती अजनीहून वंदे भारत सुटते म्हणून बारा तासांत पोचता, पण महिनाभर राहायचं असतं का कोणी? या, जरा भिंतीजवळ या. तिकडे तो गाड्या धुणारा पोरगा उभा आहे, त्याच्या कानावर गेलं की दुपारपर्यंत किराण्यात पोचतं. तर रेल्वेवाल्या आजींकडे बैठक झाली. हो, तीच! जिची आपण दसऱ्यापासून वाट बघून राहिलो होतो.

कोण कोण होतं म्हणता? मोठा, न्यू जर्सीवाला, अन् त्याची बायको. मधला अन् आपली मास्तरीण. मनीषनगरची लेक अन् तिचे मिस्टर. शिवाय एक गुळगुळीत माणूस, बगलेत फाईल, बोटांत अंगठ्या. मी म्हटलं, हे कोण बाई नवीन? तर स्कीमवाला! बिल्डर हो! आजी तिथंच दिवाणावर बसलेल्या, अन् त्यांच्या डोक्यावरचं छप्पर पाडायचा नकाशा टीपॉयवर पसरलेला.

मला कसं दिसलं ते विचारू नका. वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले होते. रात्री साडेआठला? बरं, दिवसभर विसरले होते. त्यांच्या हॉलचा पडदा कोणी ओढत नाही, त्याला मी काय करू? अन् जे दिसलं नाही ते मनीषनगरवालीने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, अर्धा तास.

तर प्लॉट. कॉर्नरचा, नागपूर सुधार प्रन्यासचं नियमित केल्याचं पत्र हातात असलेला. आजोबा किंग्जवेच्या डीआरएम ऑफिसात होते, तेव्हाच्या पगारातून पै-पै जोडून घेतला, अन् जायच्या आधी शहाणपणा असा केला की सगळं आजींच्या नावावर करून गेले. स्कीमवाला सांगून राहिला, खाली पार्किंग, वर चार मजले, तिघा भावंडांना एकेक फ्लॅट, शिवाय रोकड. रोकड म्हटल्याबरोबर मोठ्याने चष्मा काढून पुसला. लेकीने ओढणी सारखी केली. मधला तेवढा खाली बघत होता, पण त्याचं ते नेहमीचंच.

अन् मग बोलले जावई! वहिनी, तो माणूस इतकी वर्षं त्या घरात चहा पितोय, पण "बरं" याच्या पलीकडे शब्द नाही. कलेक्टर ऑफिसातून रिटायर झालेले नं. म्हणाले, "सही कोण करणार?" स्कीमवाला म्हणे, "आई करतील की!" जावई म्हणाले, "मग विचारा आईंना, आज वार कोणता." मोठा हौसेने पुढे सरकला, "आई, आज वार कोणता गं?" आजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं अन् अगदी आदराने विचारलं, "तुमची गाडी किती वाजताची आहे?"

काय चेहरे पडले म्हणून सांगू! जर्सीवाल्याचा तर पांढराफटक. पोटच्या पोराला "तुमची" म्हणाल्या हो! मग जावयांनी शांतपणे सांगितलं, आपण कशावर सही करतोय हे ज्याला उमगत नाही त्याची सही कायद्यात टिकत नाही. आधी कोर्टातून पालक नेमून आणावा लागतो, मग पुढच्या गोष्टी. स्कीमवाल्याने फाईल मिटली, "बघा, कळवा" म्हणाला अन् निघाला. पण पुढ्यातला चिवडा संपवून हं. मास्तरणीच्या हातचा होता, कोण सोडेल?

आजींचं आता तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी बऱ्या असतात, तुळशीला पाणी घालतात, वाटाणे सोलून देतात. पण दिवेलागण झाली की सुरू, "घरी चला. मला काटोलला जायचंय. बाबा वाट बघत असतील." बाबा म्हणजे त्यांचे वडील, कधीचे गेले! डिमेन्शियात असंच होतं म्हणे, उजेड गेला की जीव घाबरा होतो. माझी भाची डॉक्टर आहे नं, ती सांगत होती, २०२३ साली देशभराचा एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात साठी ओलांडलेल्या शंभरात सात जणांना हे निघालं. शंभरात सात! म्हणजे आपल्या ज्येष्ठ नागरिकवाल्यांची सहलीची एक बस भरली की त्यात तीन-चार जण... जाऊ द्या, सहलीला कोणाकडे बघायचं अन् कोणाकडे नाही, असं होतं मग.

मधला काय करतो ठाऊक आहे? ऑफिसातून आला की चहासुद्धा घेत नाही. आजींचा हात धरतो, "चल आई, काटोलला," म्हणतो, अन् ले-आउटला एक चक्कर मारून आणतो. हनुमानाच्या देवळापर्यंत गेलं की परत वळायचं. फाटकाशी आले की म्हणायचं, "बघ, आलं घर." आजी खूश! रोज काटोल, रोज परत. हेच त्याला पूर्वी कोणी सांगितलं असतं तर म्हणाला असता, आईशी खोटं कसं बोलू?

अन् नोव्हेंबरातली ती हयातीच्या दाखल्याची गंमत! आता बँकेत जावं लागत नाही, मोबाईलसमोर चेहरा धरायचा अन् डोळे मिचकवायचे, की सरकारला कळतं माणूस जिवंत आहे. मधला म्हणतो, "आई, डोळे मिट अन् उघड." आजींनी डोळे मिटले, हात जोडले अन् रामरक्षाच सुरू केली! उघडायचं नावच नाही. मास्तरीण दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होती. शेवटी मधल्याने हातात साखर ठेवली तेव्हा कुठे डोळे उघडले. पण दाखला हवाच नं. रेल्वेची फॅमिली पेन्शन आहे, अन् पंचाऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर तीस टक्के जादा मिळतात. ऐंशीला वीस, पंचाऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस. म्हातारपण वाढतं तसा मान वाढतो, निदान कागदावर तरी.

हं, तर काय सांगत होते? स्कीमवाला गेला. मला वाटलं, आता उठतील, जेवतील. पण खरी गंमत तर पुढेच.

मोठ्याने सुरू केलं. आई इतकी वाळली कशी? ही झोपेची गोळी कोणी दिली? फिजिओथेरपी का बंद केली? पुण्याला परांजप्यांचं ते अथश्री आहे ज्येष्ठांसाठी, तसलं काही का नाही बघितलं? एकेक प्रश्न अन् मास्तरणीकडे एकेक नजर. वहिनी, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. भाची म्हणाली, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९१ साली यावर चक्क पेपर लिहिलाय, नाव काय तर "कॅलिफोर्नियाहून आलेली लेक". वर्षानुवर्षं लांब राहायचं अन् दवाखान्यात येऊन उतरलं की सगळ्यांना फैलावर घ्यायचं, हे करा, ते का नाही केलं, मोठ्या डॉक्टरला बोलवा. अन् खुद्द कॅलिफोर्नियात म्हणे त्याच लेकीला न्यूयॉर्कची लेक म्हणतात! म्हणजे जो तो दुसऱ्या गावावर ढकलतो. आपल्या धंतोलीत तर पावलापावलावर दवाखाना, तिथल्या कुठल्याही वेटिंग रूममध्ये बसा, विमानतळाच्या पट्ट्या चिकटलेली बॅग घेऊन कोणीतरी ओरडत असतोच.

मास्तरीण काही बोलली नाही. उठली, आत गेली. सगळ्यांना वाटलं, रडायला गेली. लेक तर पाठोपाठ उठणार होती. तेवढ्यात ही बाहेर आली ती वही घेऊन. शाळेतली, लांबडी, निळ्या पुठ्ठ्याची. उभ्यानेच उघडली अन् वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचायला लागली. "बारा चाळीस. आई उठल्या. बाबांचा डबा भरायचा म्हणाल्या. दोन दहा. चादर बदलली. साडेतीन. पुढच्या दाराची कडी काढत होत्या. पाच. झोपल्या. सात वाजता माझी शाळा." मग पान उलटलं. पुन्हा तेच. पुन्हा पान. प्रत्येक ओळीपुढे रकाना, "कोण उठलं?" त्यात एक तर "मी", नाही तर "हे". कुठेकुठे शनिवारी "ताई". मोठ्याचं नाव? होतं की. "रविवार. भाऊजींचा फोन आला. आई झोपल्या होत्या."

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर मला गच्चीवर ऐकू आली असती. मनीषनगरवालीची मान खाली. तिचंही काय चुकलं म्हणा, ती पोस्टात. आईसाठी वेगळी रजा मिळेल अशी आशा होती तिला. पण २०२५ च्या जुलैत मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलंच नं, की वर्षाची जी तीस दिवसांची अर्जित रजा आहे तीच आईवडिलांच्या सेवेला वापरा म्हणून. म्हणजे आहे त्याच साडीचा पदर ओढायचा.

अन् मग मास्तरीण म्हणाली, वहिनी, अगदी हळू आवाजात, "भाऊजी, प्लॉटची वाटणी तुम्ही करा, मला त्यातलं कळत नाही. मला रात्रींची वाटणी करून द्या."

अहाहा! मला तर वरून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण मग गच्चीवर कोण आहे ते कळलं असतं.

खरंच विचार करा हो. सरकारने म्हाताऱ्यांना काय दिलं नाही? पंचाहत्तरी झाली की २०२२ पासून एस.टी. फुकट. सत्तरी झाली की पाच लाखांचं आयुष्मान कार्ड, २०२४ च्या ऑक्टोबरापासून, उत्पन्न कितीही असो. पण ते केव्हा, तर दवाखान्यात ॲडमिट केल्यावर. घरी रात्री दोन वाजता चादर बदलायला कोणतं कार्ड चालतं? एल्डरलाईनचा तो १४५६७ नंबर आहे, फोन केला की सल्ला मिळतो, चांगला मिळतो. पण सल्ला काही कूस बदलून देत नाही.

अन् कायदा? ते जावयांनीच सांगितलं त्या दिवशी. २००७ चा कायदा आहे आईवडिलांच्या निर्वाहाचा. उपविभागीय अधिकाऱ्याकडे साधा अर्ज द्यायचा, नोटीस गेली की नव्वद दिवसांत निकाल. मिळणार किती, तर महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार. अन् कोणाकडून? मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं. सून अन् जावई त्यात नाहीतच! २०१९ ला त्यांना घालायचं विधेयक संसदेत आलं होतं, ते तसंच राहिलं. म्हणजे बघा, कायद्याच्या पुस्तकात जिचं नाव नाही तीच बाई रात्री तीन वाजता दाराची कडी लावायला उठते. जावयांनी हे सांगितलं तेव्हा मोठा म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं." मास्तरीण म्हणाली, "मला होतं."

लेकींनी मात्र सुटलो म्हणू नये हं. १९८७ साली कल्याणच्या एका डॉक्टर लेकीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. बापाने पोटगी मागितली, लेक म्हणाली, माझं लग्न झालंय. कोर्ट म्हणालं, लग्नाने लेक लेक राहत नाही असं नाही. द्या पैसे. अन् लातूरच्या जिल्हा परिषदेचं तर विसरूच नका. २०२१ ला त्यांनी, ज्यांनी आईबापांना वाऱ्यावर सोडलं त्या नोकरदारांच्या पगारातले तीस टक्के कापले अन् थेट म्हाताऱ्यांच्या खात्यात टाकले. त्यात गुरुजीसुद्धा होते म्हणे. मुलांना वर्गात श्रावणबाळ शिकवायचा अन् घरी... जाऊ द्या, पहिली तारीख आली तेव्हा चेहरे काय झाले असतील हो एकेकाचे!

आमच्या सक्करदऱ्याच्या मावससासूबाईंचं तर तुम्ही ऐकलंच आहे. लेकाला बक्षीसपत्र करून दिलं. राहतं घर पोराला द्यायचं तर मुद्रांक दोनशे रुपयांचा, वरचा सेस वगैरे वेगळा. घर गेलं, अन् मग माडीवरची खोली मिळाली, जिना असा की उतरताना देव आठवावा. आता त्यांना कोणीतरी सांगितलंय, की २ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं घर तिला परत दिलं. सांभाळेन म्हणून घेतलं अन् सांभाळलं नाही, तर ते बक्षीस रद्द. तेव्हापासून मावससासूबाई त्या निकालाचं कात्रण पोथीत ठेवतात. वाचत नाहीत, नुसत्या सुनेसमोर पोथी उघडतात. दुसऱ्याच आठवड्यात बिछाना खाली आला! कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागली नाही.

मी तर म्हणते, यंदा पोळ्याच्या पाडव्याला मारबत निघेल नं, तेव्हा एक बडग्या असल्या पोरांचाही करा. भ्रष्टाचाराचा करता, महागाईचा करता, मग "आईला फोन करतो की" म्हणणाऱ्याचा एक का नको? काळ्या अन् पिवळ्या मारबतीच्या मागे मस्त शोभेल. हातात मोबाईल द्यायचा नुसता.

हं, तर... कुठे होते मी? मधला. त्याच्याबद्दल कोणी काही बोलतच नाही, बघा. मला तर त्याला पाहिलं की आपल्या एलकुंचवारांचं "वाडा चिरेबंदी" आठवतं. १९८५ चं नाटक, तुम्ही-मी बर्डीहून बस पकडून बघायला गेलो होतो. मोठा वाड्यात मिरवतो, दुसरा मुंबईहून येतो, तेराव्याच्या खर्चावरून दोघांची जुंपते, अन् तो धाकटा चंदू? तो म्हाताऱ्या दादीला उचलतो, बसवतो, तिचं सगळं करतो, अन् त्याला कोणी विचारत नाही. लोक घरी येताना वाड्याबद्दल बोलत होते, दागिन्यांबद्दल बोलत होते. चंदूबद्दल बोलणारं कोणी नव्हतं. प्रत्येक घरात एक चंदू असतोच हो. फक्त हल्ली तो महावितरणमध्ये नोकरी करतो अन् त्याला स्वतःलाच बी.पी. असतं. चौपन्नचा आहे मधला. दुपारी ऑफिसात डुलकी लागते म्हणून साहेबाने मेमो दिला, ते त्याने घरी सांगितलंच नाही. मास्तरणीला शर्टाच्या खिशात सापडला, धुताना.

बाई का नाही ठेवली म्हणता? ठेवली होती नं, ब्यूरोतून, रात्रीची. पहिली आजींच्याआधी झोपायची. दुसरी फार गुणाची, पण एके दिवशी म्हणाली, "ताई, मी इथं तुमच्या सासूला बघते, माझी सासू झोपडीत एकटी आहे, तिला कोण बघते?" अन् गेली. मास्तरीण म्हणाली, तिला काय उत्तर देणार होते मी? पैशाचंही होतंच म्हणा. दिवसाची बाई, डायपर, औषधं, त्यात पेन्शन संपते. रात्रीची बाई म्हणजे मधल्याच्या पगाराला हात.

तर त्या दिवशी आता कोण बोलणार, म्हणून सगळे एकमेकांकडे बघून राहिले, अन् बोलली कोण? जर्सीवाली! हो, तीच, जिला आपण इतकी वर्षं शिष्ट म्हणत आलो. म्हणाली, "आम्ही इथं आहोत तोवर रात्री आमच्या. आजपासून." नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं! म्हणाला, "अगं, मला अजून जेटलॅग आहे." ती म्हणाली, "मग बरंच झालं, जागाच असशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दूध घ्यायला फाटकाशी, तर जर्सीवाला ओट्यावर बसलेला. अंगात मधल्याचा स्वेटर, डोळे लाल, केस उभे. मला म्हणतो, "ताई, आई रात्रीतून चारदा उठली!" मी म्हटलं, "चारच? मग काल शांत गेली म्हणायची." त्याला हसावं की रडावं कळेना. म्हणाला, "तिसऱ्यांदा उठली तेव्हा मला म्हणाली, तुम्ही कोण ते आठवत नाही, पण तुमचा हात चांगला आहे."

त्यानंतर त्याचं "का नाही केलं?" बंद. झोपेच्या गोळीचं तर नावच नाही. उलट चौथ्या दिवशी स्वतःच मास्तरणीला विचारत होता, "ती गोळी अर्धी देतेस की पाव?" मनीषनगरवालीने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी फोनवर इतक्या हसलो, इतक्या हसलो! पण हसून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, दादा तिला घेऊन काटोलला जातो आता. देवळापर्यंत." तेही बरंच म्हणा. इतकी समृद्धी झाली, मुंबईपर्यंतचा सातशे एक किलोमीटरचा रस्ता गुळगुळीत झाला, पण मूल अन् आई यांच्यातला रस्ता आपल्या देवळापर्यंतचाच.

आता खरी अक्कल कोणी लढवली ते ऐका. धाकट्या नातीने! मधल्याची लेक हो, बारावीची. परत जायच्या आदल्या दिवशी सगळे पुन्हा बसले. मोठा म्हणाला, रात्रीच्या बाईचे पैसे मी देतो, दर महिन्याला, न मागता. लेक म्हणाली, शनिवार-रविवार माझे, पक्के, नवऱ्याला घेऊन येईन. जावई म्हणाले, "बरं." तरी प्रश्न उरलाच, ब्यूरोच्या बाईवर लक्ष कोण ठेवणार? ती झोपली तर? आजींनी कडी काढली तर? शेवटी मास्तरणीनेच उठायचं असेल तर पैसे देऊन काय उपयोग?

तर ती पोरगी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "मोठे बाबा, इथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तुमच्याकडे दुपारचे साडेतीन असतात."

वहिनी, इतकी वर्षं तो माणूस घड्याळ बघून सांगायचा, "अगं, वेळेचा फरक किती आहे, फोन कसा करू?" अन् तोच फरक असा त्याच्यावर उलटला! आमची रात्र ती त्याची दुपार. झालं. आजींच्या पलंगाजवळ टॅबलेट बसवला. एक ते चार मोठ्याची पाळी. तो तिकडे घरूनच काम करतो, समोर एका कोपऱ्यात आई दिसते. आजी हलल्या की हा बोलतो, "आई, झोप, अजून उजाडायचंय." बाई पेंगली तर तिलाही हाक मारतो. खरंच काही झालं तरच मधल्याला फोन. हे सगळं कालनिर्णयच्या मागे लिहून चौघांनी सह्या केल्या. आजींनीसुद्धा केली म्हणे, हौसेने. ती कायद्यात टिकत नाही, पण जावई काही बोलले नाहीत.

अन् आजींना तो टॅबलेटमधला माणूस आवडतो हो! त्यांना वाटतं, स्टेशनवरचा कोणी बाबू आहे. परवा रात्री त्याला म्हणाल्या, "अहो, किती वेळ ड्यूटी करता? जेवलात का?" तो म्हणाला, "जेवलो." त्या म्हणाल्या, "खोटं बोलू नका, तोंड सुकलंय." अन् जर्सीला, भर मीटिंगमध्ये, हा माणूस उठून सँडविच घेऊन आला! मनीषनगरवालीला त्याच्या बायकोनेच सांगितलं.

मास्तरीण? परवा भिशीला आली होती, ओळखू येईना. चेहऱ्यावर काय तेज! आम्ही म्हटलं, कोणती क्रीम लावून राहिली गं? तर म्हणाली, "झोप." निळी वही अजून आहे, बरं का. पण आता त्या रकान्यात चार नावं असतात.

अन् हे बघा, तुम्ही कोणाला सांगायचं नाही, मी तुम्हालाच सांगते. आमच्या सासूबाईंचंही आताशा रात्री उठणं वाढलंय. हे घोरत असतात, उठते मी. अन् धाकटे दीर कुठे असतात? टोरांटोला! न्यू जर्सीचं अन् टोरांटोचं घड्याळ एकच, मी परवाच नातवाकडून खात्री करून घेतली. दर रविवारी फोन येतो, "वहिनी, आईची काळजी घ्या हं." आज येईल नं, तर मीही सगळं सांगणार आहे, दुपारी साडेतीन, एक ते चार, कालनिर्णय, सह्या. फोनवर नाही हं, व्हिडिओ कॉलच लावते. चेहरा पडलेला दिसायला हवा नं!